लो-कार्ब आहारात कॉफी: दूध, साखर आणि कपाचा हिशेब

भात कमी केला, पोळ्या मोजून खायला लागलो, आता कॉफीचं काय? लो-कार्ब सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. कॉफी सोडायची गरज नाही. नुसत्या पाण्यात केलेल्या कपभर कॉफीत कार्ब, म्हणजे कर्बोदकं, नावापुरते असतात आणि कॅलरी दोन-तीनच. गडबड होते ती कपात पडणाऱ्या बाकीच्या गोष्टींनी. त्यातली साखर सगळ्यांना दिसते. दुधाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही आणि नवख्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा तिथेच चुकतो. म्हणून इथे दुधावर जरा जास्त वेळ घालवला आहे.

लो-कार्ब म्हणजे साधारण दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कार्ब. कीटो म्हणजे 20 ते 50 ग्रॅम. आपली मर्यादा कोणती हे आधी ठरवा, कारण 100 ग्रॅमवाल्याला चालणारा कप 20 ग्रॅमवाल्याला परवडत नाही.

औषधं चालू असतील तर आधी हे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल, तर कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आहार बदलला आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर कीटो स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका. या गोळ्यांबरोबर कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन साठून ते आम्लधर्मी होण्याचा, धोका असतो आणि तेव्हा रक्तातली साखर फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळे तो लक्षात यायला उशीर होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही काही जणांना कमी करावा लागतो.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाभराने. कॉफीबरोबर घेतल्यास गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतही हा सल्ला दिलेला आहे.

आत्ताचा कप मोजा

काहीही बदलण्याआधी दोन दिवस नेहमीसारखीच कॉफी करा, फक्त मोजून. घरातला पोह्याचा चमचा 10 ते 15 मिलीच्या मध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण धुऊन घ्या. त्यावर 5, 10, 15 मिलीच्या खुणा असतात आणि कॉफीपुरतं ते उत्तम माप आहे. दुधासाठी 100 मिलीची खूण असलेला कुठलाही पेला चालेल.

आता बेरीज. गाईचं असो वा म्हशीचं, 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर असते. घरच्या नेहमीच्या कपात 120 मिली दूध जातं, त्याचे झाले 6 ग्रॅम. साखर दोन चमचे, 10 ग्रॅम. इन्स्टंट पावडरचे अर्धा-पाऊण ग्रॅम. एका कपाचे 16 ते 17 ग्रॅम, जवळपास एका लहान पोळीइतके. असे तीन कप झाले की 50 ग्रॅम संपले. म्हणजे कीटोवाल्याचा दिवसभराचा पूर्ण कोटा, तोही पोटात घासभर अन्न न जाता.

इन्स्टंट कॉफीच्या बाटलीवर 100 ग्रॅममागे 40 ग्रॅमच्या आसपास कार्ब लिहिलेले दिसतात आणि ते वाचून बरेच जण दचकतात. पण कपात पावडर जाते दीड-दोन ग्रॅमच. त्याने काही बिघडत नाही.

दूध: स्किम्ड घेऊन काही साधत नाही

वजन कमी करायचं म्हटलं की घरात आधी दुधाची पिशवी बदलते. फुल क्रीमऐवजी टोन्ड, मग डबल टोन्ड. लो-कार्बसाठी हा उलटा रस्ता आहे. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये दीड. लॅक्टोज मात्र तिन्हींत जवळपास सारखंच, कारण काढून घेतलं जातं ते फक्त फॅट. वर पातळ दुधाने कॉफीला दाटपणा येत नाही, मग हात सैल सुटतो आणि कपात 120 ऐवजी 150 मिली दूध पडतं. कार्ब उलट वाढतात.

लॅक्टोज कमी करायचं तर दुधाचं प्रमाणच कमी करायला हवं आणि दाटपणा दुसऱ्या कशातून तरी आणायला हवा. मुंबईत त्यासाठी सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे वाण्याकडे मिळणारं 25 टक्के फॅटचं क्रीमचं खोकं. हिशेब बघा: 30 मिली क्रीममध्ये 90 मिली पाणी मिसळलं की 120 मिलीचं असं मिश्रण होतं, ज्यात फॅट 6 टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे फुल क्रीम दुधाइतकंच. पण कार्ब 6 ग्रॅमऐवजी एक ग्रॅमच्या आसपास. कॅलरीही थोड्या कमीच. जिभेला दुधाच्या कॉफीचा बराचसा भास होतो, कारण तोंडाला जो मऊपणा जाणवतो तो फॅटचा असतो.

कृती अशी:

1. क्रीम फ्रिजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. 30 मिली कपात घ्या, म्हणजे त्या मापाच्या झाकणाने दोन वेळा 15.
2. 100 मिली पाणी उकळा, गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबा. उकळी पूर्ण बसू द्या.
3. या पाण्यात इन्स्टंट कॉफीचा एक सपाट चहाचा चमचा विरघळवा. कडक आवडत असेल तर दीड.
4. कॉफीचे दोन-तीन चमचे आधी क्रीमवर घाला आणि ढवळा. क्रीम कोमट झालं की उरलेली कॉफी बारीक धारेने ओता.
5. फेस हवा असेल तर लहान रवीने किंवा बॅटरीवरच्या फ्रॉदरने वीस सेकंद घुसळा.

चौथी पायरी गाळू नका. फ्रिजमधलं थंडगार क्रीम खळखळत्या काळ्या कॉफीत ओतलं की वर पांढरे कण तरंगतात. कॉफी आम्लधर्मी असते, उष्णता आणि आम्ल एकदम लागलं की क्रीममधली प्रथिनं गोळा होतात आणि क्रीम फाटतं. नीट कोमट करूनही क्रीम फाटत असेल तर ते जुनं झालंय, बदला. उघडलेलं खोकं तसंच फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार दिवसातून वीसदा उघडतं आणि मुंबईच्या उकाड्यात दाराजवळचा भाग धड थंड राहतच नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून मागच्या बाजूला ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. 250 मिलीच्या खोक्यात आठ कप होतात, घरात दोघं पिणारे असले तर ते सहज संपतं.

केकवाल्यांच्या दुकानात मिळणारं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम मात्र घेऊ नका. ते वनस्पती तेल आणि साखर घालून केलेलं असतं. नावात क्रीम असलं तरी घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट घरी आणायचं नाही.

साय चालेल का? चालेल, पण दूध न निथळता काढलेल्या सायीत दूध बरंच राहतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावरची घट्ट साय चमच्याने अलगद उचला, वाटीत घोटून एकजीव करा आणि मगच कॉफीत घाला. नाहीतर सायीचे पापुद्रे ओठांना लागत राहतात.

बदामाचं दूध बिनसाखरेचं असेल तर 100 मिलीत कार्ब एक ग्रॅमच्या आत. मात्र डब्याच्या दर्शनी भागावर अनस्वीटन्ड हा शब्द हवाच, कारण त्याच कंपनीचा गोड प्रकार शेजारच्याच फळीवर असतो. ओट मिल्क नको. ओट्समधल्या पिष्टाची प्रक्रियेत साखर होते, म्हणून वरून साखर न घालताही ते गोड लागतं. नारळाचं घरी काढलेलं घट्ट दूध फिल्टर कॉफीत फार छान लागतं, फक्त ते घातल्यावर उकळू नका, फुटतं.

दुधाची पावडर, म्हणजे डेअरी व्हाइटनर, लो-कार्बमध्ये बसतच नाही. दुधातलं लॅक्टोज आणि वरून घातलेली साखर मिळून त्याचं अर्ध्याहून जास्त वजन कार्बचंच असतं.

क्रीम नकोच असेल आणि मर्यादा 80-100 ग्रॅमची असेल, तर सरळ दुधाची कॉफी प्या, पण 60 मिली दूध आणि 60 मिली पाणी अशी. तीन ग्रॅम. दिवसाला दोन कप आरामात बसतात. प्रत्येकाने क्रीमच्या मागे लागायलाच हवं असं नाही.

पावडर कोणती घ्यावी, आणि चिकोरीची भीती

पुडी उलटून बघा. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी आहे. ब्रू इन्स्टंटमध्ये 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरी. फिल्टर कॉफीच्या मिश्रणात चिकोरी 20 टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंत असते. नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के लागते आणि टक्केवारी पाकिटावर छापावी लागते, त्यामुळे हे शोधायला अवघड नाही.

चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. तिच्यात इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ आणि थोड्या साखरा असतात. 20 टक्क्यांच्या मिश्रणात एका कपाला सव्वा ग्रॅमच्या आसपास चिकोरी जाते, म्हणजे कार्ब ग्रॅमभराच्याही आत. त्यासाठी आवडती कॉफी सोडणं आम्हाला पटत नाही. फक्त 20 ग्रॅमची कडक मर्यादा पाळणाऱ्यांनी आणि दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांनी निव्वळ कॉफीकडे वळावं.

माटुंग्याला म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत समोर दळून मिळते. तिथे प्लेन, फिल्टरसाठी असं सांगितलं की पुरे. आधी पाव किलोच घ्या.

चिकोरीतून प्लेनवर आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, पातळ होतं. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे मिश्रणातून पाणी सावकाश झिरपतं. प्लेन कॉफीतून ते भरभर खाली जातं आणि अर्क कमी उतरतो. दोन उपाय आहेत. एक, पावडर वाढवा: दोन माणसांच्या स्टीलच्या फिल्टरला 18 ते 20 ग्रॅम. दोन, आतली दांड्याची चकती हलक्या हाताने दाबून तशीच ठेवा आणि 100 ते 120 मिली पाणी तिच्यावरून गोल फिरवत ओता. वीस मिनिटं ते अर्धा तास लागला तर बरोबर जमलं. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे. तासभर थेंबही पडला नाही तर पावडर फार दाबली गेली आहे किंवा भोकं बुजली आहेत. वरचं भांडं उचलून तळव्यावर हलकेच ठोका, झाकण काढून पुन्हा लावा, बहुतेक वेळा वाट मोकळी होते. रिकामं झाल्यावर जाळी उजेडासमोर धरून बघा. भोकांतून उजेड दिसत नसेल तर ती गॅसवर मिनिटभर धरा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा.

गोडवा: एकदम नको, उतरत्या क्रमाने

दोन चमच्यांवरून एका रात्रीत शून्यावर येणारे बरेच जण दहा दिवसांत परत दोन चमच्यांवर जातात. दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. दोन आठवड्यांत शून्यावर याल आणि तोवर जिभेलाही सवय झालेली असेल. गूळ, मध, नारळाची साखर यांनी काही सुटका नाही. कार्बच्या हिशेबात ही सगळी साखरेचीच भावंडं.

इथे आपल्याकडची जुनी पद्धत फार कामाला येते. मराठी घरांतली कॉफी जायफळ-वेलदोड्याचीच असायची आणि या दोन्ही वासांनी साखर न घालताही कॉफी गोडसर वाटते. जायफळ किसणीवर दोनदा घासा, चिमटीत येईल एवढंच, त्याहून जास्त नको. जायफळ जास्त झालं की गुंगी येते आणि मळमळतं. वेलदोड्याचे दाणे मात्र पाण्यात उकळा, वरून पूड टाकली की ती तळाशी बसते. फार कडू लागत असेल तर मिठाचे चार कण टाका, कडवटपणा दबतो. मीठ चवीला जाणवलं तर जास्त झालं समजा.

गोड हवंच असेल तर स्टीव्हिया किंवा एरिथ्रिटॉल. स्टीव्हिया थेंबाने मोजायची: एक-दोन थेंब, तिसऱ्याला मागून कडवट चव येते. एरिथ्रिटॉल साखरेपेक्षा कमी गोड असतं आणि जिभेला गारवा देतं, गरम कॉफीत तो फारसा कळत नाही. पुडीतल्या पावडरींवर माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलं आहे का ते बघा, तो भरीचा पदार्थ असतो आणि साखरेइतकाच झपाट्याने रक्तात जातो. माल्टिटॉल असलेली शुगर-फ्री सिरपंही रक्तातली साखर वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडव्यांवर अवलंबून राहू नये असं सुचवलं आहे. त्यामुळे ही कुबडी दोन-तीन महिन्यांपुरती धरावी असं आमचं मत आहे.

घराबाहेर

ऑफिसच्या मशिनपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची दुपारची कॉफी तिथलीच. आत भरलेल्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते. साखर कमी असं बटण दाबून ती वेगळी होत नाही. काही मशिनांत ब्लॅक कॉफीच्या कप्प्यातही गोड मिश्रणच भरलेलं असतं, एक घोट घेतला की कळतं. खात्रीचं बटण एकच, गरम पाणी. खणात निव्वळ कॉफीच्या छोट्या पुड्या ठेवा. क्रीम मात्र डब्यात घालून नेऊ नका. विरार किंवा कल्याणहून दीड तासाच्या लोकल प्रवासात एप्रिल-मेमध्ये ते टिकत नाही. ऑफिसमध्ये काळीच प्यायची सवय लावलेली बरी.

उडप्याकडच्या फिल्टर कॉफीचा पेला लहान असतो, 100 ते 120 मिलीचा, ही जमेची बाजू. माटुंग्यात किंवा इतर कुठेही ऑर्डर देतानाच सांगा: ‘अण्णा, एक फिल्टर कॉफी, साखर नको, दूध कमी, डिकॉक्शन जास्त.’ पेल्यात साखर आधी टाकून वर कॉफी ओतायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, म्हणून कॉफी आल्यावर सांगून उपयोग नाही. काही ठिकाणी साखर दुधाच्या पातेल्यातच पडलेली असते. तिथे बिनसाखरेची मिळत नाही, वेळ न घालवता काळी मागा. बिनसाखरेच्या दुधाच्या पेल्याचे चार-पाच ग्रॅम धरा.

कॅफेत गेलात तर अमेरिकानो किंवा एस्प्रेसो निर्धास्त मागा. दूध हवं तर कॉर्टाडो किंवा मॅकियाटो, त्यात दूध थोडंच असतं. कॅपुचिनोचे 5 ते 7 ग्रॅम, मोठ्या कपातल्या लाते कॉफीचे 15 पर्यंत. फ्लेवरची सिरपं, वर घातलेलं व्हिप्ड क्रीम हे गोडच असतं असं समजून चाला. अलीकडे उन्हाळ्यात नारळपाण्यातली किंवा टॉनिक वॉटरमधली एस्प्रेसो सगळीकडे दिसते. दूध नाही म्हणून ती हलकी वाटते, पण टॉनिकच्या 150 मिलीत 12-13 ग्रॅम साखर असते आणि तेवढ्याच नारळपाण्यात सहाच्या आसपास कार्ब. आइस्क्रीम आणि चॉकलेट सिरप घातलेली कोल्ड कॉफी हे पेय नव्हे, ते गोड पक्वान्न आहे. त्याच नजरेने तिच्याकडे बघा.

कॉफीबरोबर काय येतं तेही मोजा. काळी कॉफी आणि दोन खाऱ्या, किंवा ब्रून मस्का, हा सौदा तोट्याचा. त्यापेक्षा आठ-दहा बदाम, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं बरं. संकष्टी-एकादशीला कॉफी चालते, पण सोबतच्या खिचडीतला साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्या दिवशी दाण्याची आमटी आणि दही यांवर भर द्या.

आणि कुणाच्या घरी गेल्यावर समोर साखरेची कॉफी आली तर? आत गॅसवर पातेलं चढायच्या आधी सांगितलं तर यजमानांना अवघड वाटत नाही: ‘काकू, मला अर्धाच कप आणि बिनसाखरेची.’ ते राहून गेलं तर अर्धा कप प्या, आठ ग्रॅम धरा आणि रात्रीच्या जेवणात तेवढं वळतं करा.

लोणी-तूप घातलेली कॉफी

हिच्याभोवती फार गाजावाजा आहे. मोठा चमचाभर लोणी, मोठा चमचाभर खोबरेल, घुसळून केलेली काळी कॉफी. कार्ब शून्य, पण कॅलरी 220 च्या आसपास आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. नाश्त्याऐवजी घेतली तर ठीक. नाश्ता करून वर ही कॉफी घेतली तर वजन हलणार नाही आणि लोक मात्र लो-कार्बला दोष देतात. लो-कार्बसाठी ती आवश्यक नाही. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. अशांनी कागदी फिल्टरची किंवा इन्स्टंट कॉफीच घ्यावी. बियांमधला कॅफेस्टॉल नावाचा स्निग्ध घटक एलडीएल वाढवतो, कागद तो अडवतो, फ्रेंच प्रेसमध्ये आणि उकळून केलेल्या कॉफीत तो तसाच उतरतो.

करायचीच असेल तर पहिल्या आठवड्यात एकच चहाचा चमचा साजूक तूप किंवा घरचं बिनमिठाचं लोणी. पिवळं बटर खारट असतं, कॉफीची चव बिघडवतं. खोबरेल खाद्य तेल म्हणून विकलं जाणारंच हवं, वासाचं केसांचं तेल चालणार नाही. एमसीटी तेल (खोबरेलातले ठरावीक स्निग्ध घटक वेगळे काढून केलेलं तेल) तर अर्ध्या चमच्यावरून सुरू करा आणि पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशीच. सवय नसताना जास्त घेतलं की पोटात कळ येऊन जुलाब होतात.

तूप वर तरंगत राहतं, कारण नुसतं चमच्याने ढवळून ते पाण्यात मिसळत नाही. उंच भांड्यात रवीने किंवा हॅंड ब्लेंडरने मिनिटभर जोरात घुसळा, रंग दुधाळ झाला पाहिजे. मिक्सरच्या बंद भांड्यात गरम कॉफी फिरवू नका. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि उकळती कॉफी हातातोंडावर येते.

किती आणि केव्हा

राष्ट्रीय पोषण संस्था कॅफिनची मर्यादा दिवसाला 300 मिलिग्रॅम सांगते. 150 मिली फिल्टर किंवा ब्रू केलेल्या कॉफीत 80 ते 120, इन्स्टंटच्या कपात 50 ते 65. म्हणजे फिल्टरचे तीन कप झाले की थांबा. गरोदर बायकांसाठी वरची मर्यादा 200 धरतात. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला घेतलेल्या कपाचं अर्धं कॅफिन रात्री नऊला अंगात असतं. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं, म्हणून शेवटचा कप दोन-अडीचच्या आत.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं आणि गळून गेल्यासारखं वाटतं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जातं. मुंबईच्या दमट हवेत घामातून आणखी मीठ जातं ते वेगळंच. हा त्रास कॉफीने झाला असं समजून अनेक जण त्याच आठवड्यात कॉफीही बंद करतात. मग कॅफिन सुटल्याची डोकेदुखी सुरू होते, ती नऊ दिवसांपर्यंतही राहू शकते, आणि कशामुळे काय होतंय तेच कळेनासं होतं. एका वेळी एकच बदल करा: पहिल्या महिन्यात कपांची संख्या तीच, बदल फक्त कपात काय घालता त्यात. डोकं दुखलं तर ग्लासभर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. बिनसाखरेचं कोकमही चालतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच.

ग्लुकोमीटर घरी असेल तर काळी कॉफी पिण्याआधी आणि तासाभराने मोजून बघा. काही जणांची साखर नुसत्या कॅफिननेही थोडी वर जाते. तसं दिसलं तर कॉफी उपाशीपोटी न घेता नाश्त्यानंतर घ्या आणि पुन्हा मोजा.

मे महिना आणि पावसाळा

मे महिन्यात गरम कॉफी नको वाटते, तेव्हा कोल्ड ब्रू करून ठेवा. 60 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, 500 मिली पिण्याचं पाणी, काचेच्या बरणीत ढवळून 14 ते 16 तास फ्रिजमध्ये. ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभरात तिला आंबूस वास येतो. मग आधी चहाच्या गाळणीने आणि नंतर दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, पिळलं की गाळ उतरतो आणि कॉफी गढूळ होते. चारशे मिलीच्या आसपास अर्क मिळतो. पेल्यात 80 मिली अर्क, तेवढंच गार पाणी, बर्फ आणि वर 15 मिली क्रीम. अर्धा ग्रॅम कार्ब, आणि आम्लपणा कमी असल्याने क्रीम फाटायची भीतीही नाही. चार दिवसांत संपवा. यात खोबरेल किंवा तूप घालू नका, थंडीने लगेच गोठून कण होतात.

पावसाळ्यात पावडर ओलावा खेचते. जुलैत इन्स्टंटची बाटली उघडी राहिली की दोन दिवसांत आत दगड होतो. त्या दिवसांत 50 ग्रॅमचं पाकीटच आणा, ते छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढा आणि चमचा कोरडा असल्याची खात्री करून मगच आत घाला. वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून पावडर झटकायची सवय असेल तर ती मोडा, वाफ थेट बाटलीत जाते. फिल्टर पावडर फ्रिजमध्ये ठेवायची तर हवाबंद डब्यातच, नाहीतर तिला शेजारच्या लसणीच्या चटणीचा वास लागतो. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर राहू द्या, नाहीतर थंड पावडरीवर दमट हवेतलं पाणी धरतं आणि तिच्या गुठळ्या होतात.